प्राणेशचं हँडबिल

शनिवारी दुपारी निहार बंगळुरूतल्या एचएसआरहून येलहंक्याला निघाला, तो जुनी पोस्टरं बघायला. सत्तरच्या दशकातल्या रॉक कार्यक्रमांची सायकेडेलिक पोस्टरं आणि हँडबिलं जमवायचा त्याला नाद. तिथे राहणाऱ्या सोयराबाईंच्या धाकट्या भावाने, प्राणेशने, अशी बरीच काढली होती, असं त्याला कळलं होतं.

पंचाहत्तरीच्या सोयराबाई घरात एकट्याच राहत. त्यांनी पत्र्याची ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास पसरला. जांभळ्यावर केशरी, हिरव्यावर गुलाबी, ज्वाळांसारखी वळवळणारी अक्षरं. कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं. निहार हरखला.

"सगळी ने रे बाळा," बाई म्हणाल्या. "फक्त एवढं वाचून दाखव."

तळहाताएवढं हँडबिल होतं ते.

"प्राणेश कार्यक्रमाहून उशिरा आला, म्हणून वडिलांनी कडी लावली. रात्रभर दार वाजवत होता. मी जागी होते रे... उठले नाही. सकाळी तळ्यात सापडला. तेराव्या दिवशी हे दाराखालून आत आलं. पन्नास वर्षं झाली, कुणालाच वाचता येत नाही."

निहारने ते उजेडात धरलं. अशा अक्षरांची त्याला सवय होती. रंग सोडून मधल्या मोकळ्या जागेकडे बघायचं. हळूहळू आकार सुटे झाले, आणि त्याने हँडबिल पटकन खाली घेतलं.

"काय लिहिलंय?"

"काही नाही आजी, नुसती नक्षी..."

"खोटं नको. वाच बघू."

"अक्का... दार उघड."

टक्. टक्. टक्.

पुढचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर ऊन होतं, माणूस नव्हतं. आवाज मात्र लाकडावर बोटं आपटल्याचाच. कुजक्या शेवाळाचा वास आत शिरला.

"आजी, चला... माझ्याबरोबर बाहेर चला!" निहारने त्यांचा हात धरला.

त्यांनी तो सोडवून घेतला. चेहरा पोरीसारखा उजळला होता. "ये रे प्राणेश," त्या म्हणाल्या. "आत ये."

ठोकणं थांबलं. निहारच्या दंडाला घासून काहीतरी गार, ओलं आत गेलं. पोस्टरं तिथेच टाकून तो पळाला. पाठीमागे दार लागल्याचं त्याने ऐकलं.

गल्लीच्या टोकाशी त्याला स्वतःची लाज वाटली. म्हातारीला एकटं सोडून आलो. त्याने बाईंना फोन लावला.

तो एका तरुणाने उचलला.

"अक्का झोपलीय," आवाज म्हणाला. "स्वल्प हळू बोला."

आणि त्या आवाजामागे कुणीतरी, तोंडावर हात दाबून धरल्यासारखं, हुंदके देत होतं.