मागच्या भिंतीत जाणारी ऊब

खोल्या तापवणारे रेडिएटर सहा. बॉयलर एक, स्वयंपाकघरात सिंकच्या वर. गॅसचा मीटर जिन्याखाली, विजेचा दाराशी. बॉयलरमधून निघून खोल्यांकडे गरम पाणी नेणाऱ्या-आणणाऱ्या नळ्यांच्या जोड्या मात्र सात.

लीड्सच्या आर्मली भागातलं हे चिंचोळं विटांचं घर हेझल ऑल्डरॉइडच्या आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर. किल्ल्या हातात पडताच तिने आधी हे सगळं मोजून काढलं. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करून लागलेली सवय. मीटरचे आकडे गॅस कंपनीला कळवायचे होते, बॉयलर तपासून घ्यायचा होता आणि शनिवारी आई कायमची राहायला येणार होती. आईचं, म्हणजे आयरीनचं, एक फुप्फुस कामातून गेलं होतं, दुसऱ्याला गारठा चालणार नव्हता. म्हणून तर घराचा हा खटाटोप.

सातवी जोडी मागच्या भिंतीत शिरत होती. एके काळी या घराला पाठ लावून दुसरं घर उभं होतं. ते पाडून कित्येक वर्षं झाली. तिथे आता लोक गाड्या लावत. हेझल बाहेर जाऊन पाहून आली. सपाट विटा. नळी कुठूनच बाहेर आलेली नव्हती.

तिने कंपनीला फोन लावला.

"खातं तुमच्या नावावर करते," पलीकडची मुलगी म्हणाली. "पण इथे एक नोंद आहे. घरात वयस्कर बाई आहेत, हिवाळ्यात गॅस तोडू नये."

"जुनी असेल. घर दोन वर्षं रिकामं होतं."

"नाही हो, बाईंचा आज सकाळीच फोन होता. नव्या मालकीणबाईंना सांगा म्हणाल्या, मागची नळी तेवढी बंद करू नका."

"इथे माझ्याशिवाय कोणीही राहत नाही. ती नोंद काढून टाका."

"नक्की काढू?"

"काढा. आणि त्या जागी माझ्या आईचं नाव घाला."

बॉयलर तपासायला नेव्हिल आला. चहात तीन चमचे साखर घालणारा, तोंडाचा पट्टा चालू असणारा माणूस. त्याने सातव्या जोडीला तापमापक लावला.

"जाताना चौसष्ट अंश, परत येताना अकरा. एवढी ऊब खायला पलीकडे निदान एक खोली हवी, पोरी. तुझी गाडी गरम पाण्यानं आंघोळ करते का काय?"

"मला गाडी नाही."

"मग दुसऱ्या कोणाची तरी चैन चाललीय."

आईच्या खोलीत पारा पंधराच्या वर सरकत नव्हता. नेव्हिलने सातव्या नळीची चावी बंद केली.

भिंतीत तीन ठोके पडले.

त्याने चावी उघडली. ठोके थांबले. बंद केली. पुन्हा तीन.

"नळीत हवा असेल," तो म्हणाला, पण हत्यारं आवरू लागला. "मी असतो तर राहू दिलं असतं."

"शनिवारी माझी आई येतेय. कापून टाका."

"एकदा कापली की परत जोडायला भिंत फोडावी लागेल."

"कापा म्हटलं ना."

नळी कापली तरी ठोके चालूच राहिले. त्यांत राग नव्हता. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून माणूस जपून दार वाजवतो, तसे. जेवताना हेझलने रेडिओ मोठा केला. शुक्रवारी नुसतं नखांनी खरवडल्यासारखं ऐकू येत होतं. शनिवारी तेही नाही. आईच्या खोलीत एकवीस अंश झाले होते.

"वा, बाईसाहेबांचा राजवाडा!" आयरीन दारातूनच म्हणाली. "इथे तू मला केकसारखी भाजणार बघ."

रविवारी तिने कोट काढला नाही.

"पोरी, घर जरा तापव ना."

"आई, एकवीस आहे. मला घाम फुटलाय."

"मग तुझ्या त्या आकड्यांना सांग माझ्या पायाशी येऊन झोपायला."

सोमवारी दोन रजया झाल्या. पायाशी दिलेली गरम पाण्याची पिशवी बघता बघता थंड पडली. हेझलने नेव्हिलला बोलावलं आणि नळी परत जोडण्यासाठी भिंत फोडायला लावली.

एक वीट निघाली. मग दुसरी. पलीकडून उजेड आला, कोणाची तरी लाल गाडी दिसली.

नळ्या वीतभर आत जाऊन संपल्या होत्या. दोन्हींची पलीकडची तोंडं बंद, गंजलेली, वर जुना रंग.

"जोडू कशाशी?" नेव्हिलने विचारलं. हत्यारं तिथेच टाकून तो गेला.

"हेझल!" वरून हाक आली. "चहा आण गं. चांगला कडक."

आयरीन उशीला टेकून बसली होती. तिने कप दोन्ही हातांत धरला. त्यातली वाफ लगेच थांबली.

हेझलने तिच्या काखेत तापमापक ठेवला. तापाचा होता, त्यावर काहीच उठेना. ती खाली जाऊन नेव्हिलचा घेऊन आली.

"अगं, गुदगुल्या होतात," आयरीन हसली.

"हलू नकोस, आई."

"बरं, डॉक्टरीणबाई. काय म्हणतोय तुझा आकडा?"

हेझलने पाच मिनिटं थांबून वाचला. मग खोलीचा वाचला.

खोली एकवीस अंश.

आई बारा.