दुसऱ्या बेसवरचं पोतं

नेहमीचा वेग

प्रयोगशाळेच्या भिंतभर पडद्यावर सॉफ्टबॉलचा सामना. नियती उमाळे धावत येते, घसरते. तिचा उचललेला पाय दुसऱ्या बेसवर उभ्या मधुरिमा इंगोलेच्या गुडघ्यात बसतो. अंपायर लोखंडे हात वर करतात : अडथळ्याची स्लाइड, नियती बाद. धुरळा. किंकाळी ऐकू येत नाही. आवाज बंद ठेवलाय.

मधुरिमा पहिल्या रांगेत कुबडी घेऊन बसली होती. आजच्या सुनावणीत जी दोषी ठरेल तिला आजन्म बंदी. वर्षभरात पुन्हा खेळशील, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या एका वाक्यावर तिने दोन शस्त्रक्रिया सोसल्या होत्या.

अर्धा वेग

"पाय बेसकडे नव्हताच," लोखंडे म्हणाले. "डोळ्यांनी पाहिलंय मी."

"डोळ्यांचं राहू द्या साहेब," नियतीचे कोच ढोबळे म्हणाले. "मागच्या साली उडत्या कबुतराला फाउल बॉल दिला होता तुम्ही."

सुनावणी घेणाऱ्या डॉ. कौमुदी बापट हसल्या नाहीत. "नवा नियम पाय बघत नाही, हेतू बघतो. प्रत्येक खेळाडूच्या हेल्मेटमध्ये आमचा हेतुलेखक असतो. माणूस एखादी कृती निवडतो, तेव्हा कृतीच्या आधी मेंदूत एक लहर उठते. लहर नाही, तर हेतू नाही."

"त्याच्याशी खोटं बोलता येत नाही?" मधुरिमाने विचारलं.

"नाही, बाळा."

मधुरिमाने सुटकेचा निःश्वास टाकला.

स्थिर चित्र

पाय गुडघ्यापासून वीतभर दूर. खाली नियतीचा आलेख. सपाट.

"बिघडलंय यंत्र!" लोखंडे ओरडले.

"मुरलेल्या सवयीला निवड लागत नाही. सायकलवर आपण पॅडल मारायचं ठरवतो का?" बापट ढोबळ्यांकडे वळल्या. "सराव कसा घेता?"

"बेसवर भुश्शाचं पोतं उभं करतो. ते पडेपर्यंत स्लाइड. पावसाळाभर."

"पोत्याला कुठे मारायचं?"

"खडूची खूण असते." ढोबळ्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर टिचकी मारली. "हेल्मेट मी घालत नाही, मॅडम."

"नियमात कोच नाही," बापट म्हणाल्या. तापमान सांगावं तशा.

"मला काही आठवतच नाही गं," नियती मधुरिमाला म्हणाली. खरंच बोलत होती.

मग मधुरिमाचा आलेख. उंच, स्वच्छ लहर.

"इथे काय ठरवलंस?"

"ती पाय उचलून येताना दिसली. बाजूला होता आलं असतं. पण मग पहिल्या बेसकडे थ्रो गेला नसता. म्हणून थांबले."

"समजून?"

"हो."

बापटांनी मान डोलावली. "या घटनेत हेतू एकच नोंदला गेलाय. धावणारीची वाट अडवण्याचा. नियती निर्दोष."

"अहो, विचार त्या एकट्या पोरीनं केला!" लोखंडे उठून उभे राहिले.

"तेच म्हणतेय मी."

पुढचा हंगाम

मधुरिमावरची बंदी फक्त खेळण्यावर होती.

सकाळी मैदानावर नव्या मुली रांगेत उभ्या होत्या. दुसऱ्या बेसवर पोतं. मधुरिमा कुबडी टेकत त्याच्याजवळ गेली, खिशातून खडू काढला. खूण कुठे करायची हे तिला मोजावं लागलं नाही.

"मॅडम, कुणाला लागलं तर?" रांगेतली एक म्हणाली.

"तू रांगेतून बाहेर हो," मधुरिमा म्हणाली. "विचार करणाऱ्या मुली मला नकोत."