वायपर नसलेली गाडी

ही गोष्ट खरी आहे. ती पांढरी गाडी चेरीताल मोहल्ल्यातल्या एका अंगणात आजही उभी आहे. ज्याला पटत नसेल त्याने जाऊन बघावं. फक्त काचेवरची धूळ पुसू नये.

सगळं नीट होतं असा शेवटचा दिवस म्हणजे दिवाळीनंतरचा रविवार. नीलकंठराव सकाळपासून गाडीशी लागले होते. वायपर करकर करत होते. ते काढायचे, गंजलेल्या दांड्यांना काळा रंग द्यायचा आणि परत बसवायचे, एवढंच काम. गल्लीच्या तोंडाशीच मेकॅनिक होता, पण व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त झालेला माणूस वायपरसाठी मेकॅनिककडे जात नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी समिधा दिवाळीला पुण्याहून आली होती. ती पायरीवर चहा घेऊन बसली होती.

"बाबा, नवीनच आणा ना."

"काहून? दांडा चांगला आहे. तुझ्या आईसारखा. करकर करतो थोडी, बाकी मजबूत."

"ऐकून राहिले बरं मी," स्वयंपाकघरातून विभावरीबाई म्हणाल्या.

नीलकंठरावांनी आधी बॅटरीची तार काढली. मग काचेवर वायपर जिथे टेकतात तिथे टेपचे तुकडे चिकटवले, म्हणजे परत बसवताना जागा चुकत नाही. नटावरची टोपी काढली, नट काढला, दांडा काढला. निघेल ती वस्तू व्हरांड्यात वर्तमानपत्रावर ओळीनं, डावीकडून उजवीकडे. ही फॅक्टरीची शिस्त. उचलताना उलट क्रमानं उचलायची.

संध्याकाळपर्यंत रंग वाळला नाही.

"चलो, उद्या लावू," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

सोमवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

दहाव्याला ग्वारीघाटावर पिंड ठेवला. नर्मदेकाठी कावळ्यांना तोटा नाही. समोरच्या झाडावर रांगेनं बसले होते.

एकही खाली येईना.

ऊन चढलं. गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल ते ओळखून वचन द्यायचं, मग कावळा शिवतो. नीलकंठरावांचे थोरले भाऊ भय्यासाहेब हात जोडून पुढे झाले.

"नीलू, विभावरीला काही कमी पडू देणार नाही."

कावळे बसून राहिले.

"समिधा आमचीच पोरगी आहे रे."

काही नाही.

"अरे, मग पाहिजे तरी काय तुला? काहून छळून राहिला सगळ्यांना?" भय्यासाहेबांचा आवाज फाटला.

गुरुजींनी दर्भ हातात घेतला. खरा कावळा आला नाही तर दर्भाचा करून शिववतात.

तेव्हा समिधा पुढे झाली. का, ते तिलाही सांगता येत नाही.

"बाबा, तुमचे वायपर मी बसवीन. तुम्ही निश्चिंत जा."

मागे कुणीतरी चक्क हसलं.

आणि...

झाडावरून एक कावळा सरळ उतरला. त्यानं पिंडाला चोच लावली.

सगळ्यांनी श्वास सोडला. फक्त विभावरीबाई लेकीकडे बघत राहिल्या. त्या नजरेत सुटकेचा भाव नव्हता.

घरी पाहुणे गेल्यावर समिधा व्हरांड्यात वर्तमानपत्राजवळ वाकली.

"हात लावू नको," मागून आईचा आवाज आला.

"आई, मी वचन दिलंय."

"तू दिलंय. मी नाही दिलं. काम अर्धं टाकून हा माणूस कुठे गेलाय कधी? एकदा एका लग्नातून भांडून निघायचं होतं, तरी आधी यांनी मंडपाची वायर जोडून दिली होती." त्या क्षणभर हसल्या. मग हसू गेलं. "ते काम पडू दे तसंच. पडलेलं आहे तोवर आहेत ते."

दुःखात माणूस काहीही बोलतो, असं समिधानं मनाशी म्हटलं. तिनं पुण्याच्या ऑफिसला कळवून घरूनच काम सुरू केलं. आईला एकटं सोडायचं नव्हतं.

त्या दिवसांत गल्लीत पाइपलाइनचं खोदकाम चाललं होतं. धूळ इतकी की सकाळी पुसलेलं टेबल दुपारी पांढरं व्हायचं. गाडीवर तर थर चढला होता.

एका सकाळी समिधा दूध घ्यायला बाहेर आली आणि थांबली.

काचेवर... ड्रायव्हरच्या बाजूला... धूळ नव्हती.

पंख्याच्या आकाराचा एक स्वच्छ तुकडा. कड अगदी रेखीव. खाली बरोबर टेपपाशी संपणारी.

"आई, काच पुसली का तू?"

"मी काहून पुसू?"

विभावरीबाई बाहेर आल्या. त्यांनी बघितलं. पदर नीट केला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी पोटभर खाल्लं.

समिधा व्हरांड्यात गेली. वायपर वर्तमानपत्रावर होते. हलले नव्हते. त्यांच्यावर धूळ होती.

दुसऱ्या सकाळी परत तेच. त्यानंतर रोज.

मग आवाज सुरू झाला.

ती जेवणानंतर लॅपटॉपवर बसायची, खिडक्या बंद असायच्या, आणि अंगणातून यायचं...

करकर.

थोडा वेळ शांत.

करकर.

कोरड्या काचेवर रबर ओढल्याचा आवाज. ती धावत बाहेर जायची. काचेखाली नुसत्या दोन दातेरी खुंट्या, वर काही नाही. बॅटरीची तार नीलकंठरावांनी काढून ठेवली होती तशीच.

भीती तिला वाटली, पण ती आवाजाची नव्हती. आईची होती.

कारण विभावरीबाई आता गाडीत जाऊन बसायला लागल्या होत्या. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. आधी चहा होईपर्यंत, मग दुपारभर. पुढे जेवायला उठणंही बंद झालं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

"आई, चल ना आत. वरण गार होऊन राहिलं."

"थांब ग. हे सांगून राहिले काहीतरी."

"कोण?"

विभावरीबाईंनी तिच्याकडे अशा सबुरीनं बघितलं, जसं एखाद्या अडाणी पाहुणीकडे बघावं.

"बरगीला जाऊ म्हणतात. धरणावर. तू लहान असताना जायचो तसं."

"आई..."

"तू नको येऊ. तुझं ऑफिस असते."

डॉक्टर आले. त्यांनी गोळ्या दिल्या. दार बंद करून हळू आवाजात म्हणाले, "दीदी, असंच चाललं तर माताजी जास्त दिवस काढणार नाहीत."

त्या दुपारी गोळीनं आईला झोप लागली. समिधानं पाना घेतला आणि वर्तमानपत्रासमोर बसली. बाबांना ठेवायचं तर आई जाणार होती. दोघांतला एकच मिळणार होता.

तिनं उजवीकडून उचलायला सुरुवात केली.

डावा दांडा सहज बसला. टेपला पट्टी टेकवली, नट फिरवला, टोपी लावली.

उजवा तिनं खुंटीवर ठेवला. टेपच्या जरा वर लागला. काढून परत ठेवावा म्हणून हात पुढे केला, तर...

दांडा आपोआप खाली आला. हळूच. टेपला टेकून थांबला.

चूक कुणीतरी दुरुस्त केली होती. न रागावता, तिला लहानपणी सायकलची चेन बसवायला शिकवताना बाबा करायचे तशी.

तिच्या डोळ्यांपुढे काही दिसेना. तिनं चाचपडत नट लावला, पान्यानं आवळला. आणखी एक आटा द्यायला जोर केला, तर पाना जागच्या जागी थांबला. गच्च. बस झालं, असं सांगितल्यासारखा.

तिनं पाना काढून घेतला.

आणि वायपर उचलले गेले.

तार सुटलेली. किल्ली घरात. दोन्ही वायपर काचेवरून एकदा वर गेले, एकदा खाली आले. आवाज अजिबात नाही. काम चोख झालं होतं.

स्वच्छ काचेतून तिला आत दिसलं.

ड्रायव्हरची सीट रिकामी होती.

पण सीटचा फोम... दबलेला होता. तिच्या डोळ्यांदेखत तो सावकाश वर आला. कुणी उठल्यावर येतो तसा.

दार उघडलं नाही. कुणी बाहेर आलं नाही.

विभावरीबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. कधी उठल्या कळलं नाही.

"लावलेस?"

"हो."

त्या पायऱ्या उतरल्या. काचेपाशी गेल्या, आत बघितलं आणि परत वर आल्या.

"हाकललंस तू त्यांना," त्या म्हणाल्या. त्यानंतर आजतागायत लेकीशी बोलल्या नाहीत. जेवतात, औषध घेतात, वजनही भरलंय. डॉक्टर खूश आहेत.

त्यानंतर काचेवर धूळ सारखी बसायला लागली. सकाळी, संध्याकाळी. कुठेही रेघ नाही. करकर नाही. समिधा दूध घ्यायला बाहेर यायची आणि तिच्या लक्षात यायचं, की दुधाच्या आधी आपण काच बघतो.

एके दिवशी तिनं ते केलं, जे कुणालाच सांगितलं नाही.

बॅटरीची तार सुटलेलीच होती. तिनं टोप्या काढल्या, नट काढले, दोन्ही दांडे काढले. नव्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले, डावीकडून उजवीकडे.

आणि वाट बघितली.

धूळ बसत राहिली.

भय्यासाहेब येऊन गेले. म्हणाले, "अच्छा, रंग देऊन राहिली का?" तिनं मान हलवली. गल्लीतलं खोदकाम संपलं, धूळ कमी झाली, तरी जी बसली होती ती बसलेलीच राहिली. वायपर आजही व्हरांड्यात आहेत.

परवा दिवेलागणीला ती गाडीत जाऊन बसली. शेजारच्या सीटवर, आई बसायची तिथे. आतून काच मातकट दिसत होती. ड्रायव्हरच्या सीटचा फोम सपाट होता. तिनं त्यावर तळहात ठेवला. गार होता.

घाटावर सगळ्यांनी त्यांना जायला सांगितलं होतं. तिनंही सांगितलं होतं, सगळ्यांपेक्षा स्पष्ट, आणि तेवढंच त्यांनी ऐकलं होतं.

तिनं समोर बघत, हळू, पण नीट ऐकू जाईल असं म्हटलं,

"बाबा, जाऊ नका."