चादरीची चार टोकं

चेंडू थेट खळीच्या भांड्यात पडला, आणि इतका नेमका पडला की नेम धरून टाकला असता तर दहा जन्मांत पडला नसता.

खेळताई जिना उतरता उतरता शेवटच्या पायरीवर थबकली. वर, वाचनालयाच्या बालविभागात, बारा मुलं चादरीची कड धरून तिची वाट बघत होती. आणि इथे खाली, पुस्तकं दुरुस्त करायच्या खोलीत, नवा आलेला बाईंडर हातात सुई घेऊन बसला होता. त्याच्या शर्टावर खळ, टेबलावर खळ, उजव्या भुवईवर खळीचा एक टपोरा थेंब.

"अगं बाई! सॉरी हं... लागलं का कुठे?"

"च—" तो म्हणाला आणि थांबला. "च—"

"चष्मा? चष्मा फुटला तुमचा?"

त्याने मान हलवली. "च—"

"चटका! चटका बसला ना? खळ गरम होती?"

त्याने डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि शांतपणे म्हणाला, "चेंडू छान आहे."

खळीने थबथबलेला लाल चेंडू त्याने दोन बोटांत धरून तिच्यापुढे केला. तिला हसू आवरेना. त्यालाही आवरेना. भुवईवरचा थेंब तेवढ्यात घरंगळला आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला... आणि सांगायला हरकत नाही, खेळताईचं सगळं बिघडलं ते त्या थेंबापासून.

आता खेळ काय होता ते सांगायला हवं. तिने तो स्वतःच बसवला होता. मोठी चादर, भोवती बारा मुलं, मधे चेंडू. चादर हलवायची, चेंडू फिरायचा, ज्याच्यापुढे येऊन थांबेल त्याने गोष्टीचं पुढचं वाक्य सांगायचं. त्याला सुचेपर्यंत बाकीच्यांनी चादर ताणून चेंडू जागच्या जागी धरायचा, हात भरून आले तरी. नियम दोनच. सांगणाऱ्याला मधेच शब्द सुचवायचा नाही. आणि कुणाचंही वाक्य खोडायचं नाही, आवडलं नाही तर पुढे न्यायचं.

दर शनिवारी ती हे नियम घोकून घ्यायची. आणि स्वतः खाली जाऊन एका भल्या माणसाला एका दमात चष्मा काय, चटका काय! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय.

त्यानंतर चेंडू फार पडायला लागला. इतका, की टिकली नावाच्या सात वर्षांच्या चिमुरडीने एकदा कमरेवर हात ठेवून विचारलंच, "ताई, तू मुद्दाम हलवतेस ना?" टिकली ही बाईंडरची भाची. तिला शनिवारी घ्यायला-सोडायला तोच असायचा, त्यामुळे तिच्या नजरेतून सुटण्यासारखं काही नव्हतं.

"आज पुन्हा?" तो विचारायचा.

"काय करू, चेंडूच उनाड आहे."

"चेंडू की... आ-आणणारी?"

"अहो, मी तर नुसती त्याच्या मागे येते."

"मग त्याला र-रागावू नका," तो दोरा ओढता ओढता म्हणायचा. "चांगलं क-काम करतोय."

एकदा एका जाडजूड पुस्तकाची पाठ शिवताना तो आपणहून बोलायला लागला. "मला शब्द माहीत असतो. तो दारापर्यंत येतो. आणि मग तिथे उभा राहून च-चपला शोधत बसतो." तो हसला, पण मान वर न करता. "लहानपणी वाटायचं, याच्या चपला रोज कोण ल-लपवतं? हे मी कुणाला सांगत नाही."

"माझ्यापाशी राहील," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

त्याच दिवशी तिने खेळाची, कडेला फाटलेली चादर त्याच्याकडे दिली. पुस्तकांच्या जाड दोऱ्याने तो तिची कड शिवून देणार होता.

आणि पुढच्याच शनिवारी घात झाला.

ग्रंथपालबाई दोन पालकांना घेऊन वर आल्या होत्या. हा तास चालू ठेवायचा की त्याजागी शांत वाचन घ्यायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. मुलांना नेमकं आजच काही सुचेना. जुनं पांघरूण वापरायला काढलेलं, ते सारखं हातातून निसटत होतं. चेंडू तीनदा पडला. एक पालक घड्याळ बघायला लागले.

मग चेंडू तिच्यापुढे आला, आणि तिच्या तोंडून निघालं, "तेवढ्यात दारात एक राक्षस आला. म्हणाला, मी तुला ख— ख— ख—"

मुलं खुदकन हसली.

"कारण त्याचा शब्द दारात अडकला होता! त्याला चपलाच सापडत नव्हत्या!" ती वाकली, इकडे तिकडे चपला शोधायला लागली. "ख— ख—"

मुलं लोळायची बाकी राहिली. ग्रंथपालबाईंनी तोंडाला रुमाल लावला. "पुन्हा, ताई, पुन्हा!"

पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं, असं तिने पुढे स्वतःला समजावून पाहिलं असतं. पण मुलांनी पुन्हा म्हटलं, आणि तिने पुन्हा केलं. जास्त रंगवून केलं.

वाकूनच तिने पाहिलं, दाराशी दोन पाय उभे होते. बाईंडर शिवलेली चादर घडी करून घेऊन आला होता. त्याने ती खुर्चीवर ठेवली, वरची घडी हाताने सारखी केली आणि जिना उतरून गेला. टिकली तोंड उघडून हसत होती, ती तशीच गप्प झाली.

"तुमचा तास चालू ठेवू या," जाता जाता ग्रंथपालबाई म्हणाल्या. "तुमच्या राक्षसाने तर कमाल केली!"

खेळताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती खाली गेली. माफी कशी मागायची ते जिन्यात तिने ठरवलं होतं. तो मान खाली घालून शिवत होता. ती "मी..." म्हणाली आणि पुढचं काही आठवेना. त्याने टेबलावरची कागदाची पट्टी ओढली, लिहिलं आणि तिच्याकडे सरकवली. *तास वाचला?*

तिने मान डोलावली.

*बरं झालं*, त्याने खाली लिहिलं. त्यात टोमणा नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं.

घरी आईने विचारलं, तोंड का उतरलंय? ती म्हणाली, डोकं दुखतंय. सकाळी आरशापुढे तोंड धुताना तिला रोज तीच दिसायची... वाकलेली, डोळे मोठे केलेली, चपला शोधणारी. लाज वाटून तिने आरशापुढे जायचंच सोडलं. केस अंदाजाने विंचरायची. तो आता तिच्याशी चिठ्ठ्यांवरच बोलायचा, 'हो', 'नाही', 'पुस्तक तयार आहे'. चेंडू पडेनासा झाला.

दोन शनिवार असेच गेले. तिसऱ्या खेपेला तास संपल्यावर टिकली बुटाची नाडी बांधत मुद्दाम मागे राहिली.

"ताई, मीपण हसले."

खेळताई तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "मामा काही बोलला?"

"नाही ना. त्याने नेहमीसारखा माझा हात धरला. म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं." नाडीची गाठ पुन्हा सुटली. "आता घरी फोन वाजला तर तो आजीला देतो. आधी स्वतः घ्यायचा."

त्या पोरीला काय सांगायचं? तू लहान आहेस, असं? मोठी काय करत होती तेव्हा? खेळताईने तिची नाडी बांधून दिली. एकदा नाही, दोनदा, कारण पहिल्यांदा तिला नीट दिसत नव्हतं.

पुढच्या शनिवारी चादर पसरायच्या आधी ती मुलांसमोर उभी राहिली. ग्रंथपालबाई दाराशी काही यादी तपासत होत्या. त्यांच्यासमोरच ती बोलली.

"तो चपलावाला राक्षस आठवतो? तो मी तयार केला नव्हता. एका माणसाने मला विश्वासाने एक गोष्ट सांगितली होती. मी ती चोरली आणि तुम्हाला हसवायला वापरली. मला त्याची फार लाज वाटते."

ग्रंथपालबाईंचं पेन थांबलं.

"मग तो राक्षस खोडून टाकू या?" एका पोराने विचारलं.

"खोडायचं नाही!" बाकीचे दहा जण एका सुरात ओरडले. नियम म्हणजे नियम.

"पुढे न्यायचं," ती हळूच म्हणाली.

त्या दिवशी एक मुलगा आजारी होता, चादरीचं एक टोक लोंबत होतं. टिकलीने ते पाहिलं आणि कुणाला काही कळायच्या आत जिन्यावरून धडधडत खाली गेली. बऱ्याच वेळाने वर आली, ती मामाचा अंगठा ओढत. खेळताईने मान खाली घातली. त्याने ते टोक धरलं. त्यानेच शिवलेली कड होती ती.

खेळ सुरू झाला. गावातले लोक राक्षसाला हसले, असं कुणी म्हणालं. मग चेंडू टिकलीपुढे आला. "त्यात एक मुलगी होती," ती म्हणाली, "ती राक्षसाच्या घरचीच होती. तीपण हसली. मग तिला जेवण गेलं नाही."

चादर हलली. चेंडू घरंगळत गेला आणि बाईंडरपुढे थांबला.

"रा—" तो म्हणाला.

बारा जोडी हात ताणले गेले. चेंडू जागचा हलला नाही.

"रा—"

कुणी हसलं नाही, कुणी शब्द सुचवला नाही. एकीचे दंड थरथरायला लागले, शेजारणीने तिच्या वाटची चादरही धरली. खेळताईने ओठ दातांखाली दाबला.

"राक्षसाला म-माहीत होतं," तो म्हणाला. "त्याने त्या मुलीसाठी ख-खाऊ लपवून ठेवला होता. चपलांच्या ख-खोक्यात."

टिकली चादर सोडून त्याला बिलगली आणि चेंडू पडला. यावेळी खरोखरच आपोआप पडला.

मुलं गेल्यावर चादर घडी करायची राहिली. मोठी चादर, एकट्याने घडी होत नाही. दोन टोकं तिने धरली, दोन त्याने.

"अजून रा-राग आहे," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"असू दे. असायलाच हवा." ती म्हणाली. "तुम्ही मला सांगितलंत, आणि मी... मला तुमच्याकडे बघवत नाही हो."

"मग च-चादरीकडे बघा."

ती बघत राहिली. टोकाला टोक लावायला दोघं एक पाऊल पुढे आली. मग चादर अर्धी झाली, आणखी एक पाऊल.

"पण त-तरीही," तो म्हणाला. "मला तू आ—"

तो थांबला. तिला तो शब्द येत होता. सगळ्या जगाला येतो. ओठांवर आला होता तिच्या. ती चादर ताणून उभी राहिली. खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"आ—"

तिने काही म्हटलं नाही. नुसतं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, चार आठवड्यांत पहिल्यांदाच.

"आवडतेस," तो म्हणाला, आणि शेवटची दोन टोकं तिच्या हातात दिली. हात मात्र मागे घेतले नाहीत. "तुला शब्द म-माहीत होता ना?"

"होता."

"मग सांगितला का न-नाहीस?"

"तुझा होता तो," ती म्हणाली. "माझा वेगळा आहे. सांगू?"

तो घाईने काही बोलला नाही. चादर धरून तिच्या शब्दाची वाट बघत राहिला.