कलघटगीच्या डेअरीत, पाचच्या आत

"काच लावू का? तुमचं खोकं भिजतंय," शेजारी बसलेला तरुण म्हणाला.

हुबळीहून कलघटगीला जाणारी दुपारची बस. बाहेर मक्याच्या शेतांवर भुरभुर पाऊस.

"लावा ना. दूध तपासायच्या यंत्राचा बोर्ड आहे यात. डेअरीतला बिघडलाय, बदलायचाय."

त्यानं खोक्यावरचं आमच्या कंपनीचं नाव वाचलं. मग हसू आवरत म्हणाला, "म्हणजे तुम्ही मीनाक्षी. मी अनिश... ज्याचे बोर्ड खराब असतात, तो."

माझे कान तापले. नवनगरच्या आमच्या कंपनीत या यंत्राचं सॉफ्टवेअर मी लिहायची, आणि बोर्ड धारवाडहून, याच्या दोन खोल्यांच्या वर्कशॉपमधून यायचे. महिनाभर मी साहेबांना कळवत होते, दोष बोर्डातच आहे. आज तसंच ठरलं, तर त्याची सगळी ऑर्डर रद्द होणार होती. म्हणून तोही निघाला होता.

"रागावलात?" मी विचारलं.

"येताना रागात होतो," तो म्हणाला. "आता जरा अवघड झालंय."

मी खिडकीकडे वळले... हसू लपवायला.

डेअरीचे सेक्रेटरी अप्पाजी दारातच उभे होते. "अक्का, पाचला दूध येतं. तोवर नीट करा, नाहीतर यंत्र घेऊन जावा."

यंत्रात दोन प्रोसेसर होते. सगळं यंत्र चालवायचा तो थोरला, दूध तपासायचा तो धाकटा. पण तो आपणहून उठत नसे. थोरल्यानं आधी त्याला वीज द्यायची, त्याला ठोके देणारं क्लॉक चालू करायचं, त्याचा प्रोग्रॅम मेमरीत भरायचा आणि मग त्याला सुरू करायचं.

अनिशनं जुन्याच बोर्डाला मीटर लावला. तेवढ्यात दूध थंड करायची मोटर सुरू झाली. व्होल्टेज खाली गेलं आणि प्रोग्रॅम भरता भरता अडकला.

"हे माझं," तो लगेच म्हणाला. "व्होल्टेज धरून ठेवायला इथं मोठा कपॅसिटर हवा होता."

मला हायसं वाटलं. पण व्होल्टेज सावरल्यावर मी परत सुरू केलं, तरी धाकटा उठेना. अनिश मीटरकडे बघत राहिला.

"मीनाक्षी... प्रोग्रॅम भरला नाही, तरी धाकट्याची वीज चालूच आहे. ती बंद कोण करतं?"

मी कोड उघडला. सगळं सुरळीत झालं, तर तपासणी संपल्यावर वीज बंद व्हायची. मधेच फसलं, तर मात्र कोड तिथूनच परत फिरत होता. वीज चालू, क्लॉक चालू, मेमरी अर्धवट. पुढच्या वेळी थोरल्याला वाटायचं, धाकटा कामातच आहे.

"कुणीच नाही," मी म्हणाले. "मी लिहायलाच विसरले."

तो काहीही बोलू शकला असता. त्यानं फक्त स्टूल माझ्याकडे सरकवलं. "लिहा. मी कपॅसिटर लावतो."

जे चालू केलं, ते उलट्या क्रमानं बंद करायचं: आधी क्लॉक, मग वीज. मी लिहीत होते, तो शेजारी कपॅसिटरला सोल्डरचा डाग देत होता. एकदा कोपराला कोपर लागलं. दोघांनीही ते काढून घेतलं नाही.

पावणेपाचला आम्ही मुद्दाम बिघडवलेला प्रोग्रॅम भरून पाहिला. तो फसला, आणि मीटर निमूट शून्यावर आला. मग चांगला भरला. मोटर घरघरत होती, तरी धाकटा उठला. पाचला आलेल्या पहिल्या कॅनमधल्या दुधाचा फॅट पडद्यावर उमटला.

"आयतु?" अप्पाजींनी विचारलं.

"आयतु, झालं," आम्ही एकदमच म्हणालो.

बाहेर येऊन मी साहेबांना फोन लावला. "सर, मोठी चूक माझ्या कोडमध्ये होती. ऑर्डर रद्द करू नका." मागे वळले, तर अनिश उभा.

"माझी चूक नाही सांगितलीत ती?"

"ती तुम्ही सांगा. उद्या नवनगरला येऊन."

"बोर्डासाठी यायचं?"

माझे शब्द अडखळले. "नाही... बोर्डासाठी नको."

धारवाडची बस समोरच्या स्टँडवर लागली. कंडक्टरनं हाक मारली. अनिश जागचा हलला नाही.

"तुमची बस," मी म्हणाले.

"जाऊ दे की. उद्यापर्यंत कोण थांबणार?" मग हळूच, माझ्याकडे न बघता, "तू मला आवडतेस, मीनाक्षी. महिनाभर तुझ्याशी भांडायची तयारी करत होतो. काहीच उपयोग झाला नाही तिचा."

बस निघून गेली. मी त्याच्या हातात हात दिला आणि म्हणाले, "चल, चहा पिऊ. हुबळीच्या बसला अजून अर्धा तास आहे, अनिश."