आरशातला पिवळा दिवा

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण ही थाप नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो माणूस आत्ता शेजारच्या खोलीत बसलाय.

माझा नवरा. गिस्लें.

जागा, फ्रान्समधल्या आमच्या कांतालच्या डोंगरातला घाटरस्ता. ऑक्टोबरमधला शेवटचा उन्हाचा रविवार. आणि वेळ रात्रीची नव्हती...

भर दुपार होती.

उन्हाळाभर हा रस्ता बाहेरच्यांचा असतो. पॅरिसपासून लोक मोटारसायकली घेऊन येतात, फोटो काढतात, आमच्या गाईंना घाबरवतात आणि निघून जातात. ऑक्टोबरात रस्ता आमच्याकडे परत येतो. बर्फ पडायच्या आधी एक शेवटची चक्कर मारायची, ही गिस्लेंची जुनी सवय. त्या वर्षी त्याच्याबरोबर रेमी निघाला. रेमी म्हणजे माझ्या नणंदेचा, ओडीलचा नवरा. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला मोटारसायकलचं वेड लागलं होतं. लायसन्स नवंकोरं, गाडी मात्र जुनीपुराणी. धडधड आवाज करायची आणि पुढे पूर्वीच्या गाड्यांना असायचा तसला पिवळा दिवा. असा दिवा आमच्या अख्ख्या खोऱ्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

जेवणं झाली आणि दोघं अंगणात आले.

"म्हातारबुवा, आज जरा जोरात घ्या," रेमी म्हणाला. "नाहीतर गाई आपल्याला मागे टाकतील."

"आधी तुझी ती फटफटी चालू तर होऊ दे!"

ओडील हसली नाही. "गिस्लें, याचं काही ऐकू नकोस. केस पिकले तरी अक्कल आलेली नाही. तू पुढे राहा, आणि आरशावरची नजर काढू नकोस."

"माझ्यावर सोड," गिस्लें म्हणाला.

मी तिथेच उभी होते. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकलेत.

जोडीनं गाडी चालवणाऱ्यांचा एक नियम असतो. पुढचा मागच्याला जबाबदार. दिवसासुद्धा दिवे लावलेलेच असतात. आरशात मागचा दिवा दिसतोय तोवर चालत राहायचं. दिसेनासा झाला की थांबायचं. तरी आला नाही तर मागे फिरायचं. इतका साधा नियम.

खोरं संपलं आणि बीच नावाच्या उंच, दाट झाडांचं रान लागलं. तिथे ऊन पोचत नाही. वळणावळणावर ओली पानं साचलेली. गिस्लेंनं वेग कमी केला, डावा हात खाली करून मागच्यालाही खूण केली.

एक वळण गेलं. दुसरं गेलं.

आरशात दिवा नव्हता...

गिस्लें कडेला आला. एक पाय जमिनीला टेकणार, इतक्यात मागच्या वळणावरून पिवळा दिवा सावकाश बाहेर आला.

"आला बाबा," गिस्लें स्वतःशीच पुटपुटला, आणि त्यानं गाडी पुढे काढली.

रान संपेपर्यंत त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. रेमीच्या गाडीची धडधड ऐकू येत नव्हती. वारा उलटा असेल असं त्याला वाटलं. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

मग समोरून एक मोटारसायकलवाला आला. आमच्याकडे अनोळखी असला तरी रस्त्यात दोन बोटं दाखवून रामराम करतात. त्यानं गिस्लेंला बोटं दाखवली. मागच्यासाठीही हात वर धरलेलाच होता. पण पिवळा दिवा जवळ येताच त्यानं तो हात झटकन ओढून घेतला. गाडी डगमगली, पार गवतात गेली, कशीबशी सावरली... आणि तो मागे वळूनही न बघता पळाला.

रेमी वळणावर त्याच्या अंगावर गेला असणार, गिस्लेंला वाटलं. वर पोचल्यावर चांगला झाडायचा त्याला.

त्यानंतर दिवा जवळ जवळ येऊ लागला. इतका की आरशात दुसरं काहीच मावेना. गिस्लेंनं हातानं खूण केली, घाई असेल तर हो पुढे. दिवा पुढे झाला नाही. मागेही हटला नाही.

मग बोगदा आला. तिथे साधी सायकल गेली तरी घुमते.

गिस्लेंला फक्त आपल्याच गाडीचा आवाज ऐकू आला...

घाटमाथ्यावर एकच कॅफे होता. गिस्लें थांबला तेव्हाही आरसा पिवळाच होता. त्यानं इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि वळून पाहिलं. रस्ता मोकळा. कॅफेच्या मागे आडोशाला गेला असेल म्हणून तो आत गेला, खिडकीकडे पाठ करून बसला आणि दोन कॉफी सांगितल्या.

कॅफे चालवायच्या मादाम सोलिन्याक. कप ठेवताना त्यांनी बाहेर पाहिलं.

"तुमचा सोबती आत येत नाही का? कधीचा उभा आहे तिथे. हेल्मेटसुद्धा काढलं नाही."

"रुसला असेल," गिस्लें हसला. "येईल भूक लागली की."

मादामही हसल्या. गिस्लेंनं कॉफी संपवली. रेमीची निवत चालली होती.

थोड्या वेळानं मादामनी पुन्हा बाहेर पाहिलं. या वेळी त्या हसल्या नाहीत.

"आता नाही दिसत तिथे," त्या म्हणाल्या.

गिस्लें बाहेर आला. कॅफेसमोर चिखल होता. त्यात टायरची एकच रेघ होती.

त्याची स्वतःची.

तो आला त्या रस्त्यानं सुसाट मागे गेला. त्याच बीचच्या रानात, दुसऱ्या वळणावर, ओल्या पानांत घसरल्याची खूण होती. रेमी खाली ओढ्यात पडला होता. अंग अजून गरम होतं.

डॉक्टर म्हणाले, पडल्यानंतर तासभर जिवंत होता. वेळेवर कुणी पोचलं असतं तर वाचला असता.

म्हणजे गिस्लें घाट चढत होता तेव्हा रेमी जिवंत होता. कॉफी येईपर्यंतही जिवंत होता.

गिस्लेंनं पोलिसांना सगळं खरं सांगितलं. दिवा सतत मागे होता, मादाम सोलिन्याकनीही त्याला पाहिलं, त्यांना विचारा. पोलिसांनी विचारलं.

"छे! एकटाच आला होता. दुसरं कुणी मी पाहिलं नाही," मादाम म्हणाल्या.

वेडी म्हणवून घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. मग ते गिस्लेंच्या वाट्याला आलं.

अंत्ययात्रेत गावचे सगळे मोटारसायकलवाले शवपेटीमागून गाड्या घेऊन गेले. गिस्लेंला कुणी बोलावलं नाही. तो चालत गेला, सगळ्यांच्या मागून. चर्चच्या दारात ओडीलनं त्याला अडवलं.

"तू आरशात बघितलंच नाहीस," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "गेलास आपल्या नादात. आणि वर भुताची गोष्ट रचलीस? माझ्या नवऱ्याच्या नावावर?"

त्यानंतर चार वर्षं ती आमच्याशी बोलली नाही. बहीण-भाऊ एकाच बेकरीत पाव घ्यायचे, आणि एकाला बघून दुसरं बाहेर पडायचं. गिस्लेंनं गाडी विकली. तिनं एकदा विश्वास ठेवला की आपण सुटलो, एवढंच तो म्हणत राहायचा. पहिल्यांदा मला कीव आली. नंतर नंतर रागही यायचा.

या वसंतात मादाम सोलिन्याकनी कॅफे विकला. आता गिऱ्हाईक तुटायची भीती उरली नव्हती. मग सुचला खरेपणा! त्या ओडीलच्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओडील आमच्या दारात उभी. मी बटाटे सोलत होते. गिस्लें खुर्चीतून धडपडत उठला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"ती आली होती माझ्याकडे," ओडील म्हणाली. "तू खरं सांगत होतास. दोघं आले होते. तिनं पाहिलं."

गिस्लें रडायलाच लागला. "ओडील, मी तुला तेव्हाच..."

"थांब. तिनं पुढचंही सांगितलं." ओडील बसली नाही. "तो खिडकीच्या काचेला लागून उभा होता. तुझ्या पाठीमागे. हात हलवून तुला बोलावत होता. असा... पुन्हा पुन्हा. ती म्हणाली, मला वाटलं मित्राची थट्टा चाललीय."

गिस्लेंचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला.

"इतकी वर्षं मला वाटायचं, तू त्याला विसरून पुढे गेलास," ती म्हणाली. "तेवढं मी कधीतरी माफ केलं असतं रे. माणूस विसरतो. पण तो जीव जात असताना तुझ्या मागे घाट चढून आला, गिस्लें. आणि तू कॉफी पीत बसलास."

ती गेली. दार मी लावलं.

गिस्लें पुन्हा खुर्चीत बसला. मग एवढंच म्हणाला, "तिला मी खोटारडा वाटत होतो तेच बरं होतं."

तेव्हापासून तो शेजारच्या खोलीत बसून असतो. खिडकीकडे पाठ करून बसत नाही.

आणि मला एक गोष्ट छळते आहे. ती मी त्याला सांगितलेली नाही, ओडीलला तर नाहीच.

रेमी बोलवायला आला होता, ठीक आहे. पण त्या रानात आरसा रिकामा झाला, तेव्हा गिस्लें थांबत होता. पाय टेकतच होता. आणखी क्षणभर दिवा दिसला नसता तर तो मागे फिरला असता आणि रेमी आज जिवंत असता. नेमका तेव्हाच दिवा आला.

खिडकीशी रेमी असेलही. पण वळणावरून जो बाहेर आला...

तो रेमी असेल असं मला वाटत नाही.