रिकामा ठरवलेला माणूस

तुम्ही माणसांची डोकी न विचारता वापरलीत आणि वर त्यांनाच निकामी ठरवलंत. निदान मिरजेच्या, तंबोरे बनवणाऱ्या हमीद तारगरांपुरतं तरी हे नाकारून दाखवा.

पक्षाघातानंतर त्यांच्या डोक्यात मेंदूपूरक तुम्ही कंपनीवाल्यांनीच बसवलात. मेलेल्या पेशींचं काम करणारा, तांदळाच्या दाण्याएवढा संगणक. वर्षभर झकास चाललं. मग तंबोऱ्याची जवारी लावताना, म्हणजे तारेला गुंजणारा सूर आणताना, ते अडकू लागले. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, की झालं. पण ऐकता ऐकता हात थांबे आणि पुढचं आठवेना. कुणी खांदा हलवला की भानावर येत. तुमच्या स्मृतिचाचणीत ते नापास झाले. सोमवारी गाडी येऊन त्यांना कायमचं विस्मृतिगृहात नेणार होती.

त्यांची मुलगी नसीम मेंदूपूरकांच्या दुरुस्ती-प्रयोगशाळेत कामाला. आदल्या दिवशी तिने अब्बांना तंबोऱ्यासकट तिथे आणलं. सोबतीला सहकारी कुंभोजे. हा झोपेतही बडबडतो, अशी त्याच्या बायकोची तक्रार. मेंदूपूरक या दोघांनाही होता. तुमच्या नोकरीची अटच ती.

अब्बा कुंभोजेला तंबोऱ्यासाठी चांगला भोपळा कसा ओळखावा ते समजावत होते, तोवर त्यांच्या मेंदूपूरकाचं काम दाखवणारी पडद्यावरची रेघ सपाट होती. मग त्यांनी तार छेडली, गप्प झाले, आणि रेघ उसळली.

कुंभोजे म्हणाला, "ताई, हे त्यांचं काम नव्हे. मागून दुसरंच काहीतरी चालू आहे."

मेंदूपूरकात काय चाललंय ते तिने पडद्यावर उघडून पाहिलं. अख्ख्या शहराच्या स्मृतिचाचण्या तिथे तपासल्या जात होत्या.

"कंपनीची यंत्रं पुरत नसणार," कुंभोजे म्हणाला. "तोंड बंद, हात स्थिर, की माणूस रिकामा धरायचा आणि त्याचा मेंदूपूरक जुंपायचा."

"म्हणजे अब्बांना नापास करणारी चाचणी..."

"कदाचित त्यांच्याच डोक्यात तपासली गेली असेल. मी कसा शाबूत राहिलो ते कळलं ना? मला गप्प बस म्हणायचात."

नसीमला हसू आलं नाही. मेंदूपूरकाची ताकद जे काम सगळ्यात जास्त खातंय ते बंद करायचं, ही तिची रोजची सवय. तिने बंद केलं. ते काम कुठे जाईल, हा विचार करायचा राहून गेला.

अब्बांनी दोरा सरकवला आणि तार छेडली. तारगरांच्या घरात जवारी लागत असताना कुणी बोलत नाही. आलेला पाहुणाही हातातला कप खाली ठेवत नाही. नसीम तशीच वाढलेली. हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून ती ऐकत राहिली.

"लागली का गं?" अब्बांनी विचारलं.

लागली होती. उत्तर जिभेवर होतं. मग ते कुणीतरी उचलून न्यावं तसं गेलं. तिने डोळे उघडले. समोर एक म्हातारा लाकडाची कसलीशी वस्तू धरून बसला होता. त्या वस्तूला काय म्हणतात?

"ताई, बोला काहीतरी. हात हलवा," कुंभोजे सांगत होता. पडद्यावर आता तिची रेघ उसळली होती. काम थांबलं नव्हतं. जवळ जे कुणी गप्प बसलं होतं, तिकडे सरकलं होतं. हा कुठल्या ताईला बोलावतोय, ते नसीमला कळेना.

तिला खांदा हलवून भानावर आणता येईल. मग काम दुसऱ्या कुणा गप्प माणसाकडे जाईल. कुणी वाचत असेल, कुणी नमाजाला बसलं असेल.

ऐकणारा माणूस रिकामा, हे तुमच्यातल्या कोणी ठरवलं? आणि सोमवारच्या गाडीत आता कुणाला बसवणार आहात? उत्तर द्या.